शून्य सेकंदांचे कॉल

सोमवार, ३

कीबोर्ड पुन्हा स्पिरिटने पुसला, तरी काही बटणं चिकटतातच. माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्याने नोकरी सोडली, पण जाताना स्वतःला पूर्ण नेलं नाही. फटींमध्ये नखं, केस, बिस्किटाचा चुरा, सगळं आहे. त्याने लिहिलेला कोडही त्याच वळणाचा. मधेमधे शिव्या लिहून ठेवल्यात, त्याही अशुद्ध. दोन पानं वाचली, मळमळायला लागलं आणि फाइल बंद केली. दुसऱ्याच्या ओकारीत हात घालायला मी बांधील नाही.

काम असं आहे. या टेलिफोन कंपनीत कोणीही कोणाला फोन लावला की एक ओळ तयार होते: कोणी लावला, कोणाला लावला, केव्हा, किती सेकंद बोलणं झालं. अशा ओळींचा डोंगर माझ्या गळ्यात आलाय. एखाद्या नंबरावर आलेले कॉल शोधायचे तर अर्धा तास लागतो, आणि पुष्कळदा तो अर्धा तास फुकट जातो, कारण शोध मधेच मरतो. महिनाअखेरीपर्यंत हे पाच सेकंदांवर आलं नाही तर आमचा विभाग बंद, काम बाहेरच्या कंपनीकडे. हे साहेबांनी मला सांगितलं ते काडीने दात कोरता कोरता. दातातून निघालेलं निरखूनही पाहिलं. नंतर ते कुठे पुसलं ते मी बघितलं नाही.

शेजारी अंडेवाला. माणूस वाईट नसेल, पण उकडलेली अंडी टेबलाच्या कडेवर आपटून फोडतो आणि टरफलं ड्रॉवरमध्ये टाकतो. ड्रॉवरमध्ये! विचारलं तर म्हणाला, "महिनाअखेरीला साफ करतो ना मी."

घरी आले तर नवरा सोफ्यावर बसून पायाची नखं कापत होता. नख उडून कुठे पडलं हे त्याला कधी कळत नाही, मला मात्र हमखास सापडतं. सासूबाई टीव्हीसमोर, कवळी काढून हातात. या घरात स्वच्छ माणूस एकच, भाऊजी. एका आईची पोरं वाटत नाहीत दोघं. चहा झाला की स्वतःचा कप स्वतः विसळतात आणि ओट्याच्या कडेला पालथा घालतात, दांडी भिंतीकडे. त्या एका कपासाठी त्यांना सात खून माफ.

मंगळवार, ४

खालच्या तक्रार हॉलमधली काउंटरवाली आज माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी तिला मनातल्या मनात 'उसासे' म्हणते. बोलण्याआधी एक, बोलून झाल्यावर एक. नाक ओढत बोलते आणि रुमाल बाहीत कोंबते.

"ताई, माझ्या नंबरावर कोणाचे फोन येतात ते बघून द्याल का?"

"अर्ज कर ना. तूच तर लोकांचे अर्ज घेतेस."

"केलाय. शोध लावला की सिस्टीम बंद पडते म्हणतात."

महिन्याभरापासून हिला फोन येतात, नंबर न दिसणारे. दोन रिंगा वाजतात आणि बंद. दिवसातून तीस-चाळीस वेळा. "ऑफिसातून निघाले की वाजतो. घरी जाऊन दिवा लावला की वाजतो. मी दिवा लावलाय हे त्याला कसं कळतं, ताई?"

"मग फोन बंद ठेव."

"वडील दवाखान्यात आहेत. तिथून कधी बोलावणं येईल सांगता येत नाही."

बघते म्हटलं. आणखी काय म्हणणार? बोलता बोलता तिने तो ओला रुमाल माझ्या टेबलावर ठेवला होता. ती गेल्यावर तेवढ्या जागेवर स्पिरिट मारलं.

हिचं हे नेहमीचंच. मागे एकदा घराच्या किल्ल्या माझ्याच टेबलावर विसरून गेली होती. भाऊजी मला न्यायला आले होते, त्यांनाच पाठवलं बिचाऱ्यांना. पत्ता विचारता यावा म्हणून तिचा नंबर दिला. किल्ल्या देऊन दोन तासांनी परतले, घर लवकर सापडेना म्हणाले, पण कपाळाला एक आठी नाही. नवऱ्याला पाठवलं असतं तर महिनाभर ऐकवलं असतं.

गुरुवार, ६

मशीनला जास्त मेमरी दिली. काही फरक नाही. जुनी वर्षं बाजूला काढली, थोडा फरक. साहेब घड्याळ हातात धरून माझ्या मागे उभे राहतात आणि मानेवर श्वास सोडतात. त्यांचा श्वास मोजायला घड्याळ लागत नाही, तो आधीच पोचतो.

आजच्या जेवणात मात्र एक गोष्ट घडली. मी सांगत होते की त्या ढिगाऱ्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी कोणी न उचललेल्या कॉलच्या असतात. रिंग वाजली, बंद झाली, शून्य सेकंद. नवरा माशी मारल्यासारखं "हं" म्हणाला आणि भात चिवडत राहिला. भाऊजींनी मात्र चमचा खाली ठेवला.

"आणि वहिनी, एखाद्याने आपला नंबर लपवून फोन केला, तर तुमच्या त्या ओळीत दिसतो का?"

"समोरच्याला नाही दिसत. आमच्याकडे सगळं दिसतं."

"न उचललेला असला तरी?"

"तरी."

त्यांनी चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाले, "पण मग ठेवता कशाला ते? न उचललेला कॉल म्हणजे कॉलच नाही. कोणी बोललंच नाही, तर नोंद कसली? कचरा नुसता."

मी बघतच राहिले. या घरात माझ्या कामाबद्दल कोणी इतका मुद्द्याचा प्रश्न आजवर विचारला नव्हता. खरंच की! बिल त्याचं होत नाही, बोलणं त्यात नाही, आणि निम्मा डोंगर तोच. सासूबाई म्हणाल्या, "माझा धाकटा शाळेत असल्यापासून हुशार." पहिल्यांदाच त्यांचं पटलं.

या माणसाने आजवर माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. कर्मचाऱ्यांना सवलतीत दुसरं सिम मिळतं, ते. ऑफिसच्या कामाला हवं म्हणाले. पाकीट न उघडताच देऊन टाकलं. एरवी ना हात पसरणं, ना आवाज. संध्याकाळी जेवणाआधी एक फेरफटका मारतात, नाहीतर गॅलरीत उभे असतात, फोन हातात. पण त्यावर कोणाशी बोलताना कधी ऐकलं नाही. फोनवर ओरडणाऱ्यांच्या या घरात केवढी शांतता वाटते!

रविवार, ९

दुपारी रिकाम्या ऑफिसात काम उरकलं. शून्य सेकंदांच्या सगळ्या ओळी उचलून एका जुन्या डिस्कवर नेऊन टाकल्या. यापुढच्याही आपोआप बाजूला पडतील असं मशीनला शिकवलं. उरलेला ढीग मशीनच्या मेमरीत मावला आणि शोध दोन सेकंदांवर आला. दोन! पुन्हा लावला, पुन्हा दोन. एकटीच होते, टाळी वाजवली. अंडेवाल्याचा ड्रॉवर अर्धा उघडा होता, त्याचाही राग आला नाही.

सोडायला आणि न्यायला भाऊजीच आले होते. जिन्यातच विचारलं, "झालं का?"

"गेले सगळे शून्यवाले."

"कायमचे?"

"महिनाअखेरीला डिस्क पुसून भंगारात जाईल. तोवर पडून आहेत कपाटात."

"छान झालं," म्हणाले. मनापासून म्हणाले. कोणीतरी आपल्या यशाने आनंदतं, हे किती दिवसांनी बघितलं.

सोमवार, १०

साहेबांनी वरच्या लोकांना दाखवलं. त्यांनी चार नंबर सांगितले, चारही वेळा दोन सेकंद. साहेबांनी माझी पाठ थोपटली, त्याच दात कोरायच्या हाताने. घरी येऊन ब्लाउज भिजत टाकला. शून्याच्या ओळी काढल्यात हे त्यांनी वर सांगितलं नाही. मीही नाही. कोणी विचारलंच नाही.

बुधवार, १२

उसासेच्या अर्जाला उत्तर मिळालं. तिच्या नंबरावर नंबर लपवून आलेला कॉल: नोंद नाही. उत्तर यायला दोन सेकंद लागले, हे तक्रारप्रमुखाने मला मुद्दाम येऊन सांगितलं, अभिनंदन म्हणून. "बघा, बाई महिनाभर बोंबलत होती आणि निघालं काय? काही नाही!" हसताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी जमतं.

मी पण हसले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. नाक ओढणाऱ्या बायका अर्ध्या गोष्टी मनानेच घडवतात असं मला आधीपासून वाटत होतं.

शनिवार, १५

सुट्टी. नवऱ्याने आंघोळीनंतर न्हाणीघरात केसांचा गुंता तसाच टाकला. चिमट्याने काढला. भाऊजी संध्याकाळी फिरायला गेले ते जेवणाची वेळ टळल्यावर आले. सासूबाई ताट झाकून बसल्या होत्या. आल्यावर आधी हात धुतले, खूप वेळ, कोपरापर्यंत. मग जेवले. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, शीक काहीतरी."

मंगळवार, १८

बायकांच्या बाथरूममध्ये उसासे होती. बेसिनच्या काठाला धरून उभी. मी मागे फिरणार होते, पण तिने आरशात मला बघितलं.

तक्रार खोटी ठरल्यावर तक्रारप्रमुखाने तिला लेखी समज दिलीय: यंत्रणेचा वेळ वाया घालवला. वर, तब्येतीसाठी सुट्टी घ्या असा सल्लाही. गावाहून भावाने फोनवर सांगितलं, तुझ्या डोक्यात आहे सगळं. मग तिलाही तसंच वाटायला लागलं. परवा तिने संध्याकाळी फोन बंद करून ठेवला, पहिल्यांदा. आणि नेमका त्याच संध्याकाळी दवाखान्याने फोन केला. वडिलांना तातडीने ऑपरेशनला नेलं. सकाळी ही डबा घेऊन गेली तर पलंग रिकामा. ते वाचले, पण तो पलंग बघून हिचं काय झालं असेल!

"माझ्याच डोक्यात असेल का हो, ताई?" ती म्हणाली. "पण वाजतो तो खरा. मी धावत जाते. हात लावेपर्यंत बंद. एकदा तरी उचलता आला असता तर!"

मी हात धूत होते. साबण तसाच राहिला हातावर.

एकदाही उचलता आला नाही. म्हणजे बोलणं नाही. म्हणजे शून्य सेकंद. म्हणजे तिचे सगळेच्या सगळे कॉल मी स्वतःच्या हाताने उचलून कपाटात नेऊन ठेवलेत, आणि मग दोन सेकंदांत सांगितलंय की नोंद नाही.

तिला "बघते" एवढंच म्हटलं, पुन्हा. तोच शब्द.

बुधवार, १९

सकाळीच साहेबांकडे गेले. म्हटलं, शून्याच्या ओळी परत टाकायला हव्यात, आपण दिलेलं उत्तर चुकीचं आहे.

"परत टाकल्या की परत अर्धा तास?"

"सध्या तरी."

"मग उत्तर बरोबर आहे," साहेब म्हणाले. "आणि हे बघा, ती डिस्क महिनाअखेर कशाला, शुक्रवारीच पाठवून टाकतो. उगीच संशयाला जागा नको." आणि बोटाने कान कोरला, बोट बघितलं, टेबलाखाली पुसलं. त्या टेबलाखाली काय काय असेल!

खाली येऊन बसले. दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून ती फाइल उघडली. माझ्या आधीच्याची, शिव्यांची. नाक दाबून बसावं तशी बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेले.

आणि सापडलं. एवढंसं! नंबर रांगेने लावून ठेवलेले आहेत, व्यवस्थित, शोधायला सोपे. पण शोधताना हा पठ्ठ्या प्रत्येक नंबराच्या सुरुवातीचा कोड छाटतो आणि मग जुळवतो. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कापायचं आणि मग शब्द शोधायचा, तसलं. लावलेली रांग कामाचीच राहत नाही, सगळा डोंगर ओळीओळीने चढावा लागतो. छाटायचं ते आधीच छाटून ठेवलं असतं तर काही फेकायची गरज नव्हती. एक ओळ बदलायची होती. ती मी वाचली नाही, कारण मला किळस आली होती. किळस आली म्हणून वाचली नाही, आणि घरात कोणीतरी एक सोपी कल्पना दिली ती उचलली. वा!

अंडेवाल्याला सांगावं लागलं, दुसरं कोण होतं? त्याने हातातलं अर्धं अंडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "डिस्क मी आणतो. कपाटाची चावी मागायला गेलीस तर साहेब विचारतील. मला कोणी काही विचारत नाही." जुन्या मशीनवर सगळ्या ओळी परत चढवायला लावल्या आहेत. रात्रभर चढतील. मशीनखाली वायरींमध्ये टरफलाचा तुकडा होता. राहू दिला.

भाऊजींनी जेवताना विचारलं, "काय वहिनी, आज गप्प?" काही नाही म्हटलं. ऑफिसचं घरी आणू नये. तेवढ्यासाठी त्यांचा जीव कशाला कुरतडायचा?

शुक्रवार, २१

उसासेचा नंबर घातला. बटण दाबलं. सगळ्या डोंगरासकट, शून्यांसकट, डोळ्याची पापणी लवेपर्यंत उत्तर. अंडेवाला "आयला" म्हणाला.

ओळींवर ओळी. लपवलेले कॉल, शून्य, शून्य, शून्य, पडद्याच्या खाली जात राहिले. सगळे एकाच नंबरावरून. संध्याकाळचे सगळे तिच्याच घराजवळच्या टॉवरवरून. रविवार नऊला दुपारी मात्र दोनदा मधेच थांबलेत, थोडा थोडा वेळ. मला ऑफिसात सोडायला आणि न्यायला कोणी आलं होतं तेवढ्या वेळात. पण हे मला नंतर दिसलं. तेव्हा मी फक्त त्या नंबराचा ग्राहक कोण ते विचारलं.

नाव माझं होतं. पत्ता माझा. कर्मचारी सवलत, दुसरं सिम.

अंडेवाल्याने नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. वाईट म्हणजे मागे सरकला. म्हणजे मी त्याच्यापासून सरकते ना, अगदी तसा. मी म्हटलं, "मी नाही." माझा आवाज मलाच उसासेसारखा वाटला.

बाथरूममध्ये जाऊन ओकले. खरोखर. इतकी वर्षं मला किळस येते, पण ओकारी कधी झाली नव्हती. तोंड धुताना डोळ्यांसमोर सारखा तो कप येत होता, पालथा, दांडी भिंतीकडे. आणि मग किल्ल्या आठवल्या. दोन तास. दोन तासांत किल्ली करून मिळते.

ताबडतोब तिला फोन लावला. ती सुट्टीवर होती, घरीच असणार. वाजत राहिला. उचलला नाही. अनोळखी नंबर, का उचलेल? पुन्हा लावला. माझ्याही नावावर दोन शून्यं जमा झाली.

मग तो छापील गठ्ठा घेतला, एक प्रत अंडेवाल्याच्या ड्रॉवरमध्ये टरफलांखाली ठेवली (त्यानेच सुचवलं, तिथे कोणी हात घालणार नाही), आणि तिच्या अर्जावरचा पत्ता सांगून रिक्षा केली. वाटेत एका किल्लीवाल्याला उचललं, हत्यारांच्या पेटीसकट. तिच्या दारात उभी राहून हाका मारल्या. तिने साखळी लावून फटीतून बघितलं.

"आधी कुलूप बदलू," मी म्हटलं. "मग सांगते."

किल्लीवाला कुलूप उचकटत होता तेव्हा मी तिला सांगितलं. सिम कोणाच्या नावावर, वापरतं कोण, तिचा नंबर त्याला दिला कोणी, किल्ल्या कोणाच्या हाती पाठवल्या. सगळं. मला वाटलं ती ओरडेल. तिने गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक पान उलटत राहिली. बोट प्रत्येक शून्यावर.

"म्हणजे वाजत होता," ती म्हणाली.

मग रडली, नाक ओढत, तोच रुमाल. मी तिच्या शेजारी बसले होते. सरकले नाही.

शनिवार, २२

काल तिच्याबरोबर पोलिस चौकीत गेले, गठ्ठा दिला, माझ्या नावासकट. हवालदार मलाच दोनदा वर-खाली बघत होता. सिम माझ्या नावावर आहे तोवर मीही त्यात आहे असं म्हणाला. असू दे.

घरी सगळे समोरच होते. सांगितलं.

भाऊजींनी चहा संपवला, उठले, कप विसळला, पालथा घातला. मग हात पुसत म्हणाले, "वहिनी, मी तिला एक शब्द तरी बोललोय का?"

"अगं, नुसता फोन लावला त्याने," सासूबाई म्हणाल्या. "बोलला असता वेडंवाकडं तर गोष्ट वेगळी. लाजाळू आहे माझा पोरगा. जमलं असतं कुठेतरी त्याचं, तर ही वेळ नसती आली."

"तिच्या किल्लीची नक्कल केलीत?" मी त्यांना विचारलं.

त्यांनी टॉवेलची घडी घातली, कडा जुळवून.

आणि नवरा. मी त्याच्याकडे बघितलं, कारण कितीही नखं उडवली तरी माझा आहे तो. म्हणाला, "कॉल उचललाच नाही तर त्यात गुन्हा कसला? आणि तू आपल्याच नावाचा कागद पोलिसांना देऊन आलीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

कॉल उचललाच नाही. हेच वाक्य मी साहेबांच्या मशीनला शिकवलं होतं. दोन आठवडे ते सगळ्या शहराला हेच सांगत होतं, दोन सेकंदांत.

बॅग भरली. निघताना ओट्यावरचा तो कप उचलला. फोडावासा वाटला, पण तुकडे पुन्हा मलाच वेचावे लागले असते. कचऱ्याच्या डब्यात टाकला, अख्खाच.

सोमवार, २४

मावसबहिणीकडे आहे. तिच्या बाथरूमच्या कोपऱ्यात काळं साचलंय. बघतेय, घासलं नाही अजून.

साहेबांनी बोलावलं होतं. परवानगीशिवाय डिस्क हाताळल्याबद्दल चौकशी. मी म्हटलं, शून्यांसकट एका सेकंदात उत्तर येतं, वर दाखवा. त्यांनी दाखवलं असणार, कारण दुपारी आवाज उतरला. चौकशी राहीलच, म्हणाले, पण विभागही राहील. तक्रारप्रमुखाने समजेचं पत्र परत घेतलं, ते तिच्या टेबलावर ठेवून निघून गेला. भाऊजींना काल चौकीत बोलावलं होतं. खिशात किल्ली निघाली. ती कुठल्याच कुलपाला लागत नाही आता. जामीन मिळून घरी आले, आणि सासूबाईंनी मला फोन करून शाप दिले. ऐकले, पूर्ण. त्या ओळीत बरेच सेकंद पडले असतील.

पोलिसांकडे माझ्याही चौकशीची तारीख लागलीय. सिम माझं, नंबर मी दिला, किल्ल्या मी पाठवल्या. त्यांनी नेमकं हेच विचारलं तर हेच सांगणार आहे.

ती आजपासून कामावर आलीय. संध्याकाळी एकटी घरी जायला धजावत नाही. भाऊ आठ दिवसांनी येणार. मी म्हटलं, घरी पोच, आतून कडी घाल, मग मला फोन कर.

"रोज काय बोलणार तुमच्याशी, ताई?"

"बोलू नकोस. दोन रिंगा दे आणि बंद कर. मी उचलणार नाही."

आता दिवे लागायची वेळ झाली. फोन समोर ठेवून हे लिहितेय, पुसून ठेवलेला नाही, तसाच. बहीण विचारतेय जेवायला वाढू का.

वाजला. एक. दोन. बंद.

उचलला नाही. वाढ म्हटलं तिला.